सीमाभागातील मूल आणि वाचनाचा अडसर

कर्नाटकाच्या औराद, भालकी, बसवकल्याण वा आळंद तालुक्यातील मराठी मुलाला देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या बालवयातच हाताळाव्या लागत असल्यामुळे, ते वाचताना अडखळले की त्याचा ठपका भाषांच्या गर्दीवर ठेवला जातो. आणि जिथे तसा ठेवला जात नाही, तिथे तो आळसाच्या किंवा मंदबुद्धीच्या खाती जमा होतो. हे दोन्ही निवाडे अन्यायाचे आहेत.

डिस्लेक्सिया ही मेंदूच्या जडणघडणीतून येणारी, पुष्कळदा आनुवंशिक अडचण असून, तीत शब्दांतील ध्वनी सुटे ओळखून त्यांची अक्षरांशी सांगड घालणे मुलाला कष्टाचे होते. हा दृष्टीचा दोष नव्हे, आणि बुद्धीचा तर नव्हेच. इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली वाचनात अडणाऱ्या ज्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली, तो, सारे शिक्षण तोंडी असते तर शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असा त्याच्या शिक्षकांचाच अभिप्राय होता.

अनेक भाषा शिकल्याने डिस्लेक्सिया जडत नाही. ज्याला तो आहे, त्याला मात्र तो प्रत्येक लिपीत निराळ्या रूपाने छळतो: देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहून उच्चारायची मागाहून, कन्नडात जोडाक्षरातील दुसरे व्यंजन खाली उतरलेले, आणि इंग्रजीत तर वर्ण व उच्चार यांचा मेळ पदोपदी सुटलेला. देवनागरी व कन्नड या लिप्या बऱ्याच अंशी उच्चारानुसारी असल्यामुळे तेथे चुकांपेक्षा वाचनाची संथ, थकवणारी गतीच अधिक जाणवते, आणि म्हणूनच ही अडचण नजरेतून निसटते. उलट, जे मूल मराठी सफाईने वाचते आणि कन्नडातच अडते, त्याला बहुधा कन्नडाचा सराव कमी पडलेला असतो. 'भ' आणि 'म' यांची गल्लत होते, तेवढ्यावरून डिस्लेक्सियाचे निदान करणेही घाईचे; नवशिक्या वाचकांत ती सर्रास आढळते.

वय वाढले की हे आपोआप सुटेल, ही समजूत सर्वांत घातक, कारण तीत उपायाची मोलाची वर्षे वाया जातात. यावर औषध नाही. ध्वनी आणि अक्षरे यांची क्रमवार, चिकाटीने दिलेली तालीम हाच उपाय. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेत डिस्लेक्सियाची गणना केलेली आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या 'डाली' या डिस्लेक्सिया तपासणाऱ्या चाचण्या मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत आहेत. तेव्हा पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून, मुलाची तपासणी एका भाषेत न आटोपता दोन्ही भाषांत व्हावी, अशी मागणी अवश्य करावी.