पाचशेची नोट, छत्री आणि गिल्बर्ट हिल

मोजपट्टी घरी राहिली? नवी पाचशेची नोट बरोबर १५ सेंटिमीटर लांब असते. तिच्यावरून आधी छत्रीची लांबी काढा, मग छत्री उन्हात सरळ उभी धरा. ९० सेंटिमीटरच्या छत्रीची सावली ६० सेंटिमीटर पडली, तर त्या क्षणी सपाट जमिनीवर कशाचीही उंची सावलीच्या दीडपट. शाळेच्या ध्वजस्तंभाला हे चालते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला नाही. सुमारे ६१ मीटर उंचीच्या या बेसॉल्टच्या सुळक्याची सावली भोवतालच्या घरांवर चढते आणि मोडते. तिथे जवळच्या इमारतींचे मजले मोजावेत, मजल्याला ३ मीटर धरून. टेकडी भरते साधारण वीस मजल्यांची.

१५ मेच्या सुमारास मात्र भर दुपारी हा प्रयोग नको. मुंबईत तेव्हा सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीला सावलीच उरत नाही. (शाळेला सुट्टी असते, तेवढे बरे!) जुलैअखेरही तसेच, पण ऊन दिसले तर.

घनफळाला लिटरची बाटली पुरे. ६ मीटर लांब, ५ रुंद आणि ३ उंच वर्गात किती बाटल्या पाणी मावेल? ९० हजार. एका घनमीटरमध्येच हजार लिटर असतात.