पाचच्या बैठकीत आई नसते

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९९३ साली नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्राच्या प्राध्यापक झेब्राफिश माशांवर नवं संशोधन सुरू करत होत्या. टाक्या ठेवायला त्यांना २०० चौरस फूट जागा हवी होती. ती काही मिळेना. इतरांच्या मानाने आपल्याला जागा कमी आहे, हे त्यांचं म्हणणंही कुणी मान्य करेना. शेवटी संध्याकाळी इमारत रिकामी झाली की त्या मोजपट्टी घेऊन निघायच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळा एकेक करून मोजायच्या. ज्येष्ठ पुरुष प्राध्यापकांकडे साधारण ३००० चौरस फूट जागा होती. नोकरीत अजून कायम न झालेल्या तरुण पुरुषांकडे २०००. आणि वीस वर्षं तिथे शिकवणाऱ्या हॉपकिन्सबाईंकडे १५००.

मग त्यांनी विज्ञान शाखेतल्या बाकीच्या स्त्री प्राध्यापकांना गाठलं. कायम पदावरच्या स्त्रिया होत्या अवघ्या १५, पुरुष दोनशेच्या घरात. हे आपल्या एकटीच्याच वाट्याला आलंय, असं यातल्या बहुतेकींना तोवर वाटत होतं. डीन रॉबर्ट बर्जनो यांनी समिती नेमली. पगार, जागा, अनुदान, कुणाला कोणत्या समितीवर घेतलं, सगळं तपासलं गेलं आणि मार्च १९९९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. एमआयटीचे अध्यक्ष चार्ल्स वेस्ट यांनी त्यासोबत स्वच्छ कबुली दिली: भेदभाव थोडा खरा आणि थोडा वाटण्यातला, असं आपण समजत होतो, त्यातला खराच भाग कितीतरी मोठा आहे, हे आता कळलं.

अहवालातली आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ज्येष्ठ स्त्रियांची तक्रार डावललं जाण्याची होती. तरुण स्त्रियांना तसा अनुभव अजून आला नव्हता. त्यांना घोर होता तो वेगळाच: मूल झालं तर हे काम आपल्याला झेपेल का? त्यानंतर एमआयटीने मूल जन्मलं की कायम होण्याची मुदत एक वर्षाने वाढवण्याचा नियम केला. २००४ मध्ये उघडलेल्या स्टाटा सेंटर या नव्या इमारतीत पाळणाघर आलं. २०११ च्या आढाव्यात विज्ञान शाखेतल्या स्त्री प्राध्यापक ३० वरून ५२ वर, तर अभियांत्रिकीतल्या ३२ वरून ६० वर गेल्या होत्या.

आपल्याकडे स्त्रियांच्या उच्च शिक्षणाची परंपरा थोर आहे आणि तिचा अभिमान रास्तच आहे. पण ती परंपरा नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून नकार दिला. त्या अडून बसल्या, अटी सोसून आत गेल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या. त्याच वर्षी पुण्यात इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. तीन मुलांची ही आई पुढे समाजशास्त्र आणि मानवशास्त्राचा विभाग सांभाळत महाराष्ट्रभर भटकली. त्यांच्या घरात हे चालत होतं, कारण ते स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या कर्व्यांचं घर होतं. विद्यापीठातल्या प्रत्येक बाईला असं घर मिळेलच असं नाही. ज्यांना ते मिळत नाही त्यांचं काय, हा प्रश्न संस्थेने सोडवायचा असतो.

संख्येचं चित्र आता बरंच सुधारलं आहे. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय शिक्षकांत स्त्रिया ४३ टक्क्यांच्या थोड्या वर होत्या. २०१४-१५ मध्ये शंभर पुरुष शिक्षकांमागे ६३ स्त्रिया होत्या, त्या ७७ झाल्या. पण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संस्थांकडे वळलं की आकडा घसरतो. ‘बायसवॉच इंडिया’ या गटाच्या पाहणीत तिथलं स्त्रियांचं प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास निघालं. सहायक प्राध्यापक ते प्राध्यापक या शिडीवर जसजसं वर जावं तशा स्त्रिया विरळ होत जातात.

त्या कुठे जातात? यावरचं ठरलेलं उत्तर ‘घरच्या जबाबदाऱ्या’. २०२४ मध्ये दिवंगत झालेल्या, पुण्यात वाढलेल्या पदार्थवैज्ञानिक रोहिणी गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पीएच.डी. झालेल्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा या उत्तराला तडा गेला. संशोधनाबाहेर पडलेल्या बहुतेक जणींनी घराचं कारण दिलंच नाही. योग्य नोकरीच मिळाली नाही, असं त्या सांगत होत्या. बाई घरासाठी थांबली, हे परस्पर ठरवून टाकणारे वेगळेच होते.

घरचं काम खोटं आहे, असा याचा अर्थ नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. प्राध्यापक बाई याला अपवाद नाही. साडेसातच्या पहिल्या तासिकेला पोचायचं तर तिचा दिवस पाचला सुरू होतो. प्रात्यक्षिकं साडेचारला संपतात. आणि विभागाची बैठक पाचला ठेवली जाते, कारण तेव्हा ‘सगळे मोकळे असतात’. पाळणाघर सहाला बंद होतं.

या बैठकीत काय ठरतं, ते जवळून पाहायला हवं. महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाचा कोणता निकष कुणाकडे, परीक्षा समन्वयक कोण, नव्या अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर कोण बसणार, संशोधन प्रकल्पाच्या प्रस्तावात सहसंशोधक म्हणून कुणाचं नाव घालायचं. ती नसताना हे वाटप होतं. तिच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, उलट काळजीनेच बोलतात. ‘मॅडमना नको, त्यांचं बाळ लहान आहे.’ ‘त्यांना कशाला धावपळ?’ माणसं चांगली असतात, हेतूही चांगला असतो. पण तिला कुणी विचारलेलं नसतं. चार वर्षांनी पदोन्नतीचा अर्ज भरायला ती बसते, तेव्हा समित्या आणि प्रकल्पांचे रकाने कोरे असतात. कोऱ्या रकान्याला गुण नसतात, आणि ते कोरे का राहिले हे छाननी समितीला कळायला मार्ग नसतो.

याच पदोन्नतीसाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि पुढे उजळणी वर्ग करावे लागतात. पूर्वी त्यासाठी दुसऱ्या गावी वसतिगृहात राहावं लागे. सहा महिन्यांचं मूल घेऊन ते कसं जमणार? अनेकींनी वर्ग पुढे ढकलले आणि त्याबरोबर पदोन्नतीही पुढे गेली. हे वर्ग आता ऑनलाइनही होतात. करोनाच्या निमित्ताने रूढ झालेली ही सोय आयांसाठी मोठी आहे. ती काढून घेतली जाऊ नये.

एक नियम मात्र प्रत्येक विभागप्रमुखाला पाठ असायला हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे की प्रसूती रजा, बालसंगोपन रजा यांसारख्या पगारी रजांचा काळ कामगिरीच्या मूल्यमापनातून वगळायचा. उरलेल्या काळात केलेल्या कामावरून पूर्ण काळाचं मूल्यमापन करायचं. म्हणजे सहा महिने रजेवर गेलेल्या शिक्षिकेचे गुण त्या सहा महिन्यांमुळे घटता कामा नयेत. हा हक्क आहे, पण तो मागावा लागतो आणि मागायचा तर ठाऊक असावा लागतो. पीएच.डी. करणाऱ्या मुलींचंही तसंच. त्यांना संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते, शिवाय प्रबंध पूर्ण करायला दोन वर्षांची जादा सवलत. मार्गदर्शकाने पहिल्याच भेटीत हे सांगितलं, तर मूल की प्रबंध या पेचात पडणाऱ्या कितीतरी मुली वाचतील.

रजेचा खरा घोळ नियमात नाही, बदली शिक्षकात आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. बालसंगोपन रजा केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवस, महाराष्ट्राच्या राज्य कर्मचाऱ्यांना १८० दिवस. कागदावर हे भक्कम आहे. पण विभागात आधीच पदं रिक्त असतात. एक शिक्षिका रजेवर गेली की तिच्या तासिका उरलेल्या तिघाचौघांच्या माथी येतात. ते वैतागतात आणि तो राग प्रशासनावर निघायचा सोडून तिच्यावर निघतो. पुढच्या मुलाखतीत लग्न झालेल्या तरुण उमेदवाराकडे पाहताना हाच अनुभव मनात असतो. रजेच्या काळापुरता शिक्षक वेळेवर नेमला, तर ही कटुता जन्मालाच येणार नाही. ते काम विद्यापीठाचं आणि शासनाचं आहे, सहकाऱ्यांच्या चांगुलपणावर ते सोडता येत नाही.

आणि जिला रजाच नाही तिचं काय? महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मोठा भार उचलतात ते तासिका तत्त्वावरचे, सीएचबीचे शिक्षक. घेतला तास तेवढाच पैसा, आणि वर्ष संपलं की नेमणूक संपली. तिथली बाई गरोदर राहिली की बहुतेक वेळा तिचं नाव पुढच्या सत्राच्या यादीतून गळतं, तेही काही न बोलता. न्यायालयांची दिशा मात्र वेगळी आहे. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या कामगार स्त्रियांना प्रसूतीचे लाभ मिळालेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या बाबतीत न्यायालय म्हणालं की कंत्राटाची मुदत मधेच संपली तरी हे लाभ थांबत नाहीत. खासगी शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षिकांना प्रसूती लाभ कायद्याखाली आणण्याचं पाऊल केरळने २०२० मध्ये उचललं. महाराष्ट्राने सीएचबीच्या शिक्षिकांसाठी असं काही करणं, हे या राज्याच्या सुधारकी वारशाला साजेसंच ठरेल.

परदेशातून काय घ्यावं याचे काही धडे स्पष्ट आहेत, काही सावध करणारे आहेत. नोबेलविजेत्या जर्मन शास्त्रज्ञ क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी २००४ मध्ये एक प्रतिष्ठान काढलं. मुलं असलेल्या तरुण संशोधक स्त्रियांना ते दरमहा पैसे देतं, आणि ते भांडी घासायला, झाडलोट करायला, मूल सांभाळायला माणूस ठेवण्यासाठी. इतकी नेमकी मदत क्वचितच कुणाला सुचते. ब्रिटनमध्ये २००५ साली ‘अथेना स्वान’ सनद आली. विभागांनी आपली आकडेवारी मांडायची, सुधारणेचा आराखडा द्यायचा आणि त्यावर कांस्य, रौप्य, सुवर्ण असे दर्जे मिळवायचे. यॉर्क विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने २००७ मध्ये पहिलं सुवर्ण मिळवलं. पुढे २०११ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी निधीतल्या एका मोठ्या भागाला रौप्य दर्जाची अट लागली, तशी विभागांची खरी धावपळ सुरू झाली. भारतात विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने याच धर्तीवर ‘गती’ हा उपक्रम ३० संस्थांत सुरू केला. त्याला निधीची जोड मिळाल्याशिवाय जोर येणार नाही, हे ब्रिटनच्या अनुभवावरून दिसतं.

सावध करणारा धडा अर्थशास्त्रज्ञांकडून आला. अमेरिकेतल्या आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांनी मूल झाल्यावर मुदतवाढ आई आणि बाप दोघांनाही सारखीच दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटंच फळ दिसलं: पुरुषांचं कायम होण्याचं प्रमाण वाढलं, स्त्रियांचं घटलं. वाढीव वर्षाचा उपयोग पुरुषांना शोधनिबंधांसाठी झाला, असा त्याचा अर्थ लावला गेला. बापाला रजा द्यावी, जरूर द्यावी. त्या रजेत तो मुलापाशी थांबतो की प्रयोगशाळेत, हे मात्र महत्त्वाचं आहे.

विद्यापीठं यातलं बरंच काही शासनाच्या परवानगीवाचून करू शकतात. पाळणाघरासाठी एक खोली, दूध काढायला आणि पाजायला कडी असलेली स्वच्छ जागा, रजेवरून परतलेल्या शिक्षिकेला पहिल्या सत्रात सकाळच्या तासिका नाहीत आणि एका संशोधन प्रकल्पात हक्काची जागा. यातल्या निम्म्या गोष्टींना खर्चही नाही.

नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. विभागप्रमुखांनी त्या आधी गेल्या पाच वर्षांचा कार्यभार काढून पाहावा: कोणती समिती, कोणता प्रकल्प, कोणती तासिका कुणाकडे होती, नावानिशी. तो कागद सर्वांसमोर ठेवावा. आणि वर्षातली पहिली विभागीय बैठक सकाळी अकराला घेऊन, रजेच्या काळाचा आयोगाचा नियम तीत वाचून दाखवावा.