विश्लेषण : स्वस्त, सोपे, सुरक्षित… तरीही 'वर्ल्ड क्लास' ग्लायडर वैमानिकांच्या पसंतीस का उतरले नाही?

सगळ्या स्पर्धकांनी एकाच बनावटीचे, परवडणारे ग्लायडर उडवायचे. म्हणजे जिंकेल तो वैमानिक, त्याचा खिसा नव्हे! याच विचाराने आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने (एफएआय) १९९०च्या दशकात पोलंडच्या 'पीडब्ल्यू-५'ची निवड केली. १९९७ मध्ये तुर्कस्तानात त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आज मात्र हा गटच उरलेला नाही.

कल्पना कुठून आली?

१९४०च्या ऑलिम्पिकसाठी 'माइझे' हे जर्मन ग्लायडर असेच निवडले गेले होते. महायुद्धामुळे ते ऑलिम्पिकच झाले नाही. 'वर्ल्ड क्लास'मागेही ऑलिम्पिक प्रवेशाची आशा होतीच. वॉर्सा तंत्रविद्यापीठात घडलेले हे ग्लायडर नवख्यालाही झेपेल असे होते. पंखांचा विस्तार १३.४४ मीटर, चाक आत न जाणारे, पंखांत पाण्याच्या टाक्या नाहीत.

मग अडले कुठे?

ग्लायडरला इंजिन नसते, त्यामुळे उंची हेच त्याचे इंधन. एक किलोमीटर उंचीवरून पीडब्ल्यू-५ शांत हवेत सुमारे ३२ किमी जाते. १५ मीटर पंखांचे जर्मन 'एलएस-४' सुमारे ४० किमी गाठते. हे ८ किमी कधी कधी निर्णायक ठरतात : वर नेणारा उष्ण हवेचा पुढचा झोत सापडणार की कुणाच्या तरी शेतात उतरावे लागणार?

समोरून वारा असेल तर आणखी पंचाईत. ताशी ८० किमीने जाणाऱ्या ग्लायडरसमोर ३० किमीचा वारा आला, की ३२ किमीचा पल्ला २० वर येतो. स्पर्धेतील इतर ग्लायडर पंखांत पाणी भरून जड होतात आणि तेवढीच उंची गमावून अधिक वेगाने जातात. पीडब्ल्यू-५ला ती सोय नव्हती.

किंमत कमी होती ना?

नव्या ग्लायडरच्या मानाने, हो. पण फायबरग्लासची ग्लायडर दशकानुदशके टिकतात. साधारण तेवढ्याच पैशांत वापरलेले, पण अधिक लांब जाणारे ग्लायडर मिळत असेल तर ग्राहक काय करणार? शिवाय 'क्लब क्लास' गटात ग्लायडरच्या क्षमतेनुसार गुण कमी-जास्त करून जुन्या ग्लायडरनाही बरोबरीने लढता येते. समान संधीसाठी समान ग्लायडर हवेच, हा मुद्दाच त्यामुळे लंगडा पडला.

पुढे काय झाले?

'वर्ल्ड क्लास'च्या जागी १३.५ मीटर गट आला. त्यात पंखांना मर्यादा आहे, बनावटीला नाही. पीडब्ल्यू-५ क्लबांमध्ये अजूनही उडते; एकट्याने उडू लागलेल्यांना ते सोपे जाते.