जरा थांबा की परत जा?

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे सकाळ, साताऱ्यात दिवेलागण. आई व्हिडिओ कॉलवर पूजा दाखवत होती, पण तिला आमचं चित्र गोठलेलं दिसे. "अरे, तुम्ही हलतच नाही!" वरच्या खोलीत लेक किल्ल्याचे फोटो क्लाउडवर चढवत होता. राउटर हे माझं पोटापाण्याचं काम, आणि घरी ही अवस्था.

राउटर वेगाला दोन रीतींनी आवर घालतो. मंडळाचं जेवण आठवा. हॉल भरला की कार्यकर्ता म्हणतो, "जरा थांबा, पुढच्या पंगतीला बसा." हे शेपिंग. जादा पॅकेट रांगेत थांबतात, उशिरा जातात. पोलिसिंगमध्ये रांगच नाही. "जागा नाही, परत जा!" मर्यादेबाहेरचं पॅकेट बहुधा टाकूनच दिलं जातं. फोटोचं पॅकेट हरवलं तर टीसीपी ते पुन्हा पाठवतो, वेगही उतरवतो. बोलण्यातलं हरवलं तर शब्दच गेला.

मग शेपिंगच बरं? रांग बेताची असेल तर. फार लांबली की आवाजही तिच्यात अडकतो. आमच्याकडे तेच झालं होतं. मोडेममध्ये फोटोंची भली मोठी रांग आणि आईचा कॉल तिच्या शेपटाला.

अपलोडचा वेग मोजला, 10 एमबीपीएस. राउटरच्या एसक्यूएम सेटिंगमध्ये शेपिंग 9 वर ठेवलं. थोडा वेग सोडला, पण रांग मोडेममधून राउटरमध्ये आली, आणि तो फोटोंच्या गर्दीतून कॉलला वाट देतो.

पाडव्याला पुन्हा कॉल लावला. लेकाचं अपलोड चालूच होतं.

"आज हलताय बरं का," आई म्हणाली.