‘खाजच तर आहे, मोठा झाला की जाईल!’

मुलाच्या कोपराच्या आत, गुडघ्यामागे लाल, खरखरीत चट्टे उठतात, डॉक्टर ‘इसब’ म्हणतात, आणि त्यानंतर घरी येणारा प्रत्येक जण आईला एकच ऐकवून जातो, “अगं, खाजच तर आहे. मोठा झाला की जाईल.” धीर द्यायला म्हणतात, हे मान्य. पण या एका वाक्यापायी कितीतरी घरांत उपचार लांबतो, आणि जागून थकलेल्या आईलाच आपण उगाच बाऊ करतोय की काय असं वाटू लागतं.

बाऊ ती करत नाही. खाज रात्री वाढते. पांघरुणात अंग तापतं, दाह आवरणारं कॉर्टिसोल रात्री कमी झालेलं असतं, त्वचेतून पाणीही जास्त उडतं. मूल झोपेतच ओरबाडतं आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. “पण झोपतो की आठ-नऊ तास!” असंही सांगितलं जातं. ब्रिटनमधल्या सुमारे १४ हजार मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१९ मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये आला. त्यात इसब असलेल्या मुलांचे झोपेचे तास इतरांइतकेच निघाले. पण ती झोप पुन:पुन्हा मोडणारी होती. असं मूल सकाळी चिडचिडं उठतं, वर्गात पेंगतं नाहीतर चुळबुळतं, आणि शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. घरी दिवसभर “खाजवू नकोस रे!” चालूच. खाजवणं ही त्याची वाईट सवय नव्हे. खाजवल्याने त्वचा फाटते, दाह वाढतो, त्याने पुन्हा खाज सुटते. दटावून हे चक्र थांबत नाही.

तरीही ‘नुसती खाज’ वाटत असेल, तर २००६ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी’त आलेला एक अभ्यास पाहा. निरनिराळ्या दीर्घ आजारांच्या मुलांचं रोजचं जगणं किती बिघडतं, हे त्यांच्या पालकांना विचारलं होतं. सर्वांत वर सेरेब्रल पाल्सी होता. त्याच्या खालोखाल, मूत्रपिंडाच्या आजाराच्या बरोबरीने, अंगभर पसरलेला इसब. दमा, अपस्मार, मधुमेह त्याच्याही खाली. कुटुंबाचंही तेच. मेलबर्नमधल्या १९९७ च्या अभ्यासात मध्यम ते तीव्र इसबाचा घरावरचा ताण मुलांच्या मधुमेहापेक्षा जास्त आढळला. रोजची मलमं, वेगळे कपडे, खर्च, नवरा-बायकोची तुटलेली झोप, मागे पडलेलं दुसरं भावंड, हे सगळं त्या ताणात येतं.

आता ‘मोठा झाला की जाईल’. वय वाढेल तसा पुष्कळ मुलांचा इसब ओसरतो, हे खरं आहे. काहींचा राहतो, हेही खरं. पण तीन वर्षांच्या मुलाने तोवर रात्री कशा काढायच्या? त्याचं बालपण आत्ता चाललंय.

दुसरा तितकाच घातक समज म्हणजे ‘मलम लावून दाबलं की आत जातं आणि दमा होतो’. इसब असलेल्या मुलांना पुढे दमा होण्याची शक्यता मुळातच जास्त असते, कारण दोन्ही एकाच ॲलर्जिक प्रवृत्तीतून येतात. मलमाने काहीही ‘आत’ जात नाही. स्टेरॉइड मलमाने त्वचा पातळ होण्याची भीती अगदीच निराधार नाही, पण तिचं प्रमाण पाहावं. कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात २,२६६ रुग्णांपैकी २६ जणांत, म्हणजे सुमारे एक टक्क्यात, ते आढळलं, आणि तेही बहुतेक जास्त तीव्र मलमांनी. डॉक्टरांनी सांगितलेलं मलम सांगितलेले दिवस लावावं. भीती बाळगायचीच असेल तर मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय हातात ठेवलेल्या, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या ट्यूबची बाळगा.

बाकीचे समज थोडक्यात. इसब संसर्गजन्य नाही. मुलाला खेळातून वगळू नका. ‘रक्त खराब’ नसतं. त्वचेचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष अनेकांत मुळाशी असतो, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. ॲलर्जी सिद्ध झाल्याशिवाय दूध-अंडी बंद केल्याने फायदा होत नाही, वाढत्या वयात पोषण मात्र बुडतं. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक नको, उटणं घासणं नको. कोमट पाणी, आणि अंग टिपताच भरपूर मॉइश्चरायझर. साधी पेट्रोलियम जेलीही चालते.

डॉक्टर दिवसा, दहा मिनिटं, फक्त त्वचा पाहतात. म्हणून पुढच्या भेटीत चट्टे दाखवण्याआधी मूल रात्री किती वेळा उठतं, शाळेत कोण काय म्हणतं आणि तुम्ही स्वतः किती झोपता, ते आवर्जून सांगा. उपचार किती जोरात करायचा हे त्यावरही ठरतं.