साडी आमची, धूर सुरतेचा

गेल्या दिवाळीला अक्काकडे सुरतेला जाण्याचा योग आला. लग्न होऊन ती उधन्याला गेली, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. शेजारपाजार सगळा खानदेशी, त्यामुळे तिच्या मराठीनंही आता तिकडचं वळण घेतलंय. पहिल्याच सकाळी तिनं गच्चीवरची पांढरी चादर झटकली, तर काळी भुकटी उडाली. "पांडेसऱ्याच्या मिलचा धूर रे," ती म्हणाली, "आणि साड्या नेसणार तुमच्या बेळगावच्या बायका!"

बोलणं चेष्टेतलं, पण डोक्यात घोळत राहिलं. पांडेसऱ्यात कापड रंगवायला आणि छापायला वाफ लागते. ती कोळसा आणि लिग्नाइट जाळून मिळते. गच्चीवर पडते ती काजळी दिसते तरी. त्याच कोळशातून निघालेला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, आणि पृथ्वी तापते ती त्याच्यामुळे.

शहर कितपत टिकाऊ आहे, हे पाहताना आता हा कार्बन मोजतात. शहरांसाठी मोजणीची एक जागतिक पद्धत 2014 मध्ये ठरली. तिच्यात शहरात जळणारं इंधन, बाहेरून येणारी वीज, वाहतूक, कचरा यांचा हिशेब येतो. विकत आणलेल्या मालामागचा धूर मात्र माल जिथं तयार झाला, त्या गावाच्या नावावर पडतो. म्हणजे आपल्या बाजारातल्या सुरती साडीचा धूर सुरतेच्या खात्यात आणि आपण स्वच्छ! हद्दीची रेघ कुठं ओढली यावर केवढं काय ठरतं, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग मोजून उपयोग काय? त्याचंही उत्तर सुरतेतच आहे. 2019 मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळानं तिथल्या कारखान्यांच्या एका गटासाठी धूलिकणांची एकूण मर्यादा ठरवून दिली. चिमणीतली यंत्रं आकडा सांगणार. ज्यानं धूर कमी केला त्यानं उरलेला परवाना विकायचा, ज्याचा वाढला त्यानं तो विकत घ्यायचा. धूलिकणांसाठीचा जगातला हा पहिला बाजार. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या कारखान्यांचे धूलिकण 20 ते 30 टक्क्यांनी घटले. ही गोष्ट धुळीची, कार्बनची नव्हे. पण आकडा समोर आला आणि त्याला किंमत लागली, तेव्हा कारखानदारानं हात आवरला, एवढं खरं.

परत आल्यावर मी घरचीच वही उघडली. आपल्या देशात विजेच्या एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम, 14.2 किलोच्या गॅस सिलिंडरमागे सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षभराची बिलं मांडून बेरीज करत बसलो होतो. सौ.चं माहेर गोकाकचं. चहा ठेवता ठेवता तिनं विचारलं, "लेक्क बरोब्बर आतेन्री?"

म्हटलं, "अजून कुठं? कपाटातल्या साड्या राहिल्यात!"