चीअरलीडिंग : खेळ की केवळ जल्लोष?

अमेरिकेतील क्विनिपियाक विद्यापीठाने २००९ मध्ये खर्च वाचविण्यासाठी मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून स्पर्धात्मक चीअरलीडिंगचा संघ उभारण्याचे ठरविले. व्हॉलीबॉलच्या खेळाडू व प्रशिक्षिका न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणाऱ्या १९७२ च्या कायद्यान्वये चीअरलीडिंग हा खेळ ठरतो काय, हा प्रश्न होता. मानवी मनोरे व कोलांट्यांतील कष्ट निर्विवाद होते. परंतु एकसूत्री नियम व सुसंघटित स्पर्धा नसल्याने तो तूर्त खेळ ठरत नाही, असा निर्णय २०१० मध्ये झाला. २०२१ मध्ये मात्र आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरलीडिंगच्या जागतिक महासंघास पूर्ण मान्यता दिली. कष्टाला नियमांची शिस्त लाभली की खेळाचा मान मिळतो. तथापि एकीच्या खात्यातील संधी दुसरीच्या नावे जमा करणे, ही वृद्धी नव्हे.